न विचारता झालेला जामीन

१३ सप्टेंबर २०२५, देवास

"उमाशंकर मुळ्ये तू ही है ना? पैसे कब भरेगा, बुढ्ढे?"

संध्या आटोपून उठतो तोच हा दूरध्वनी. एकेचाळीस वर्षे अध्यापन केले. एकेरीत बोलण्याचे धाडस कोणी केले नव्हते! मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा वसुलीवाला. म्हणे, मी जामीनदार आहे. कर्जदाराचे नाव सांगेना. "घर में ही पूछ ले, भिया!"

१४ सप्टेंबर

आज अकरा दूरध्वनी. शिव्या लिहून वही विटाळणार नाही.

१५ सप्टेंबर

माझ्या छायाचित्रावर 'चोर' असे लिहून ते आमच्या मराठी मंडळाच्या सभासदांना पाठविले! याच मंडळात गणेशोत्सवाच्या महाप्रसादाचा संपूर्ण खर्च मी उभा राहून जाहीर केला होता. पत्नीला, दुर्गेला, एवढेच सांगितले, 'घरखर्चातून भागव.' तिने भागविले; पंगत उत्तम झाली. आज यशवंतराव, मंडळाचे अध्यक्ष, हळूच म्हणाले, "सर, अडचण होती तर सांगायचं होतं." अडचण! मला!

१६ सप्टेंबर

हे आमच्या धवलचेच काम. माझा मोबाइल त्यानेच सुरू करून दिला, कागदपत्रेही त्याच्याकडेच. तो धारला असतो; दूरध्वनी केला. "बाबा, आईची शपथ, मी नाही!" शपथ घ्यावी लागते तेथेच खोट असते. बजावले — परवा आजोबांच्या श्राद्धाला येऊ नकोस. पोटच्या मुलाने बापाला गहाण टाकावे! दुर्गा वाढता वाढता थांबली.

१८ सप्टेंबर

श्राद्ध झाले. धवलचे पान मांडू दिले नाही. दुर्गा जेवली नाही.

१९ सप्टेंबर

वसुलीवाल्यास ठणकावले, पुरावा दाखवा, अन्यथा पोलिसांत जातो. "सबूत? ले, सुन!" कर्ज देतानाचे संभाषण त्याने ऐकविले. "जामीनदार का नाम बोलो, अम्मा." बांगड्यांची किणकिण. "नाम बोलो!" मग, अगदी हलक्या आवाजात — "उमाशंकर गोविंद मुळ्ये."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात, उखाणे वगळता, दुर्गेने माझे नाव उच्चारलेले नाही. औषधाच्या दुकानातही 'आमच्याकडचे' म्हणते. ते नाव तिने त्या परक्यापाशी घेतले!

२० सप्टेंबर

विचारले. ती पोळ्या लाटीत होती. "भर सभेत शब्द देऊन आलात. घरात बाराशे होते. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

धवलला सकाळपासून सात वेळा दूरध्वनी केला. उचलत नाही.