एव्हरिलने वापरलेला शब्द

मोरकम, सोमवार, ३ ऑक्टोबर १९९४

एव्हरिलचं पत्र — सहा वर्षांनी! माझ्या नवऱ्याला, क्लेमंटला, मातीत ठेवलं तेव्हाही आली नाही लेक, आणि आता या चार ओळी. "बाबा मला परसातल्या कोळशाच्या खोलीत कोंडायचे. तुला सगळं ठाऊक होतं. तू कॉम्प्लिसिट होतीस, आई."

त्या शब्दाचा अर्थ मला धड येत नाही. विचारायचं कुणाला? घरात मी एकटी.

मंगळवार, ४

पाऊस. दिवसभरात तोंडातून एक शब्द निघाला नाही.

बुधवार, ५

वाचनालयात गेले. तिथल्या मिस्टर इंगमना 'कॉम्प्लिसिट'चा अर्थ विचारला; म्हटलं, शब्दकोडं सोडवतेय. त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला, चष्मा कपाळावर चढवला.

"वाईट कामात सामील असलेला."

"म्हणजे करणारा?"

"नाही हो, मिसेस टॅटर्सल. करणारा दुसराच. याला ठाऊक असतं, आणि हा अडवत नाही. नुसतं गप्प बसणाऱ्यालाही म्हणतात बघा. मात्र कशात सामील, ते सोबत सांगावं लागतं. किती घरं आहेत?"

"नऊ," म्हटलं. स्पेलिंग पाठ झालंय.

अजून थोडं बोलायचं होतं त्यांच्याशी, काहीही. पण मागे रांग होती.

शुक्रवार, ७

उत्तर लिहायला बसले. 'त्यांच्यापुढे माझं काही चालायचं नाही' — फाडलं. 'मी स्वयंपाकघरात असायचे' — तेही फाडलं. मटणाचा एकच चॉप तळला होता, त्यातलाही अर्धा टाकला.

रविवार, ९

चर्चबाहेर मिसेस हॅल्स्टेडनी गाठलं. "लेकीचं पत्र आलं म्हणे? पोस्टमन सांगत होता. बरी आहे ना पोर?"

"बरी आहे."

"नशीबवान आहात. आमच्या पोरांना आई जिवंत आहे की गेली, तेही ठाऊक नसेल."

मी हसले. घरी येऊन कोट न काढताच पुन्हा कागद काढला.

सोमवार, १०

पत्र पेटीत टाकलं. एवढंच लिहिलं — 'एव्हरिल, तो शब्द मला कमी पडतो. बाबा तुला आत ढकलून निघून यायचे, दार तसंच उघडं टाकून. बाहेरून कडी मी लावायचे.'

ती बाहेर आली तर क्लेमंट तिला पुन्हा मारतील याची भीती वाटायची, ते मात्र लिहिलं नाही.