राईचा निरोप

१२ नोव्हेंबर १९५६, पिंपरी

आज नव्या नोकरीवर रुजू झाले. स्टेशनवर उतरले तेव्हा सामानापेक्षा अंगावर धूळच जास्त होती, तरी मन प्रसन्न आहे. कारखान्याच्या वसाहतीत मला दोन खोल्यांचं घर मिळालं आहे. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास येतो आणि मागच्या खिडकीतून थेट निगडीकडची टेकडी दिसते. सगळी टेकडी पिवळ्या गवताची. तिच्या कुशीत मात्र दाट झाडीचा एकच हिरवा, जवळजवळ काळा ठिपका. पाहताक्षणी ठरवलं, माझी पहिली वाट तिथे जाणार.

काम मनासारखं आहे. कामगारांच्या कुटुंबांसाठी फिरायच्या पाऊलवाटा आखायच्या, झाडांना नावांच्या पाट्या लावायच्या आणि टेकडीवर एक उद्यान उभं करायचं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, ते मुलींच्या शाळेत फळ्यावर पानं-फुलं काढण्यातच संपलं. आता खरी झाडं दाखवता येतील. व्यवस्थापक नानासाहेब म्हणाले, बायकांना नळावर भांडायला वेळ उरणार नाही एवढं बघा, बाई. मी म्हटलं, चार नळ वाढवलेत तर तेही भागेल. ते मोठ्याने हसले. मी विनोद केला नव्हता.

१५ नोव्हेंबर

आज टेकडी चढून आले. सोबतीला शेजारची इंदुताई होती. फिटर ज्योतीरामची ही बायको कराडकडची, वयाने माझ्या मुलीसारखी, पण वसाहतीत सगळेच तिला ताई म्हणतात म्हणून मीही म्हणते. तान्ही मुलगी शेजारणीकडे ठेवून आली होती. चढताना तिची बडबड एकसारखी चालू होती. मला बडबड खपत नाही, पण हिची खपली.

झाडीला इथे नुसतं 'राई' म्हणतात. आतल्या देवीचं नाव कोणी घेत नाही. बाहेर उन्हाने गवत कडकडतं आणि दोन पावलं आत गेलं की गारवा. बेहडे, करंज, जांभळी, दोघींच्या कवेत मावणार नाहीत असे उंबर. इथली काडीही कोणी नेत नाही, म्हणून हे टिकलं. उद्यानाला याहून चांगली जागा मिळणार नाही, असं आजच नानासाहेबांना लिहून दिलं.

राईच्या तोंडाशी गोजाबाई नावाची गावातली म्हातारी शेळ्या राखत बसली होती. शेळ्या आत पाय घालत नव्हत्या. मी पाट्यांचं सांगितलं तर म्हणाली, नावं लावल्याव कंपनी झाडांस्नीबी पगार देनार व्हय? इंदुताई खिदळली. मग म्हातारीही आमच्यामागून आत आली, शेंदूर लावलेल्या दगडापाशी टेकली आणि उठताना म्हणाली, जाते गं.

मला राहवलं नाही. शेजारच्या घरातून उठतानाही आपण 'येते' म्हणतो. 'जाते' म्हणणं अभद्र, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि देवीला 'जाते'? गोजाबाई काही सांगायला लागली. मी म्हटलं, तोंड सांभाळ, या पोरीला भलतं वळण लावू नकोस. आणि इंदुताईला नीट हात जोडायला लावून मोठ्याने म्हणवून घेतलं, येते हं आई. मी स्वतः दगडांशी बोलत नाही. म्हातारीने पदर तोंडात धरला आणि मुकाट्याने बाहेर गेली. राईतली पाखरं एकदम गप्प झाली. माणसांची सवय नसावी.

२१ नोव्हेंबर

वाटेचं काम जोरात आहे. गडी गवत काढतात, कडेला दगड लावतात. राईजवळ मात्र एकाचं पोट दुखतं, दुसऱ्याला मोशीला पाहुणे आठवतात. शेवटी फावडं मीच घेतलं. आतल्या काही झाडांना तारेने पाट्याही बांधल्या.

दुपारी तिथे इंदुताई एकटी उभी दिसली. कमरेवर रिकामी कळशी. हाक मारली तर दचकली. म्हणाली, नळावर निघाले होते बाई. नळ खाली वसाहतीत आणि ही टेकडीवर! तान्हं पोर घरी टाकून कसली ही रानभूल, म्हणून मी चांगली खडसावली. खाली मान घालून निघाली. निघताना दगडाला म्हणाली, येते हं आई. मी म्हणवून घेतलं होतं तसंच, त्याच सुरात.

२६ नोव्हेंबर

ज्योतीराम शिफ्ट सुटल्यावर कपडेही न बदलता माझ्या दारात आला. खांद्यावर मुलगी, रडून लालबुंद. म्हणाला, बाई, तुमी माझ्या बायकोला हे कसलं फिरायचं याड लावलं? चूल थंड हाय, पोर उपाशी हाय. मी सुनावलं, बायको म्हणजे खुंट्याची म्हैस नव्हे. सुनावलं खरं, पण लगेच टेकडी चढले.

ती तिथेच होती. हात धरून आणली. उतरताना रडत म्हणाली, दाराला कडी मीच लावली होती बाई, काढलेली आठवत नाही. आणि म्हणाली, आज मला गोजाबाईवानी 'जाते' म्हणायचं होतं, पण जीभच वळंना.

घरी तिचे पाय मी स्वतः धुतले. माती निघेना. ती कातडीवर नव्हती, कातडीत होती. वजरीने घासलं तरी तिला काही लागलं नाही. मग टाचेतून केसासारखा पांढरा धागा आलेला दिसला. ओढला तर लांब होत गेला. मी तो तोडला, तेव्हा मात्र ती किंचाळली.

मला भीती वाटली नाही. संताप आला. कशाचा, ते अजून कळत नाही.

२९ नोव्हेंबर

ज्योतीराम बाहेरून कुलूप घालून कामावर गेला. आत ती, मुलगी आणि मी. सकाळभर मी तिच्यावरून नजर काढली नाही. मुलीसाठी दूध ओतायला वळले, तेवढंच. खोलीत इंदुताई नव्हती. बाहेर कुलूप तसंच.

दार ठोठावून शेजारणीला बोलावलं. तिने ज्योतीरामकडून किल्ली आणली. मुलगी तिच्या हाती देऊन मी पळत राईत गेले.

मागच्या आठवड्यात एका खोडाला मी 'बेहडा' अशी पाटी बांधली होती. त्या खोडाला आज खांदे होते. पाटी छातीवर होती. वर हनुवटी, मिटलेले डोळे, सालीत रुतलेली नथ. पलीकडे दुसरी. तिच्या हातात विळा, मुठीवर शेवाळ. तिच्यामागे आणखी. मी झाडं समजत होते, त्यातली कितीतरी झाडं नव्हती.

इंदुताई त्यांच्या रांगेत उभी होती. पाय घोट्यापर्यंत मातीत. मला ओळखलं. मुलीने दूध घेतलं का, विचारलं.

ओढलं, खणलं. माझी नखं तुटली. ती हलली नाही.

३० नोव्हेंबर

गोजाबाईला तिच्या दारात जाऊन गाठलं. तू जाणत होतीस, मग बोलली का नाहीस? मी ओरडत होते. ती शेळीचं दूध काढत राहिली. मग सावकाश म्हणाली, तुमीच म्हनला न्हवं, तोंड सांभाळ? सांभाळलं.

 मग तिला चेव आला. आमचं गायरान तुमी तारंनं वेढलं तवा कुनी इचारलं? राईत वाट पाडली तवा कुनी इचारलं? आन् आता इचारता! तिथं 'येते' म्हनलं की त्यो शब्द झाला. राई शब्द सोडत न्हाई. माझी धाकली जाऊ बी तिथंच उभी हाय, विळा घिऊन.

सोडवायचं कसं, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, त्या पोरीचं निस्तं त्वांड. शब्द तुमचा हाय.

त्या दिवशी म्हातारीने एक वाक्य बोलायचं होतं. एक! आणि ते मी बोलू दिलं नाही.

१ डिसेंबर

नानासाहेबांना सांगितलं, वाट बंद करा, माणसं घेऊन चला. ते म्हणाले, बाई, ऊन लागलंय तुम्हाला, पुण्याला जाऊन आठ दिवस विश्रांती घ्या. आणि हसून म्हणाले, राईचं एवढं कौतुक तुम्हीच लिहून दिलंत की. मी त्यांच्या टेबलावरची दौत भिंतीवर फेकली. आयुष्यात पहिल्यांदा.

ज्योतीराम दोनदा राईपर्यंत गेला. त्याला आत वाटच सापडत नाही. मला सापडते.

मुलीचं रडणं भिंतीतून ऐकू येतं. आता आवाजही बसलाय तिचा.

२ डिसेंबर, राईत, दुपार

वही सोबत आणली. घडेल ते लिहून ठेवायचं आहे.

इंदुताई कमरेपर्यंत—साल. डोळे उघडे आहेत. बोलत नाही.

दगडापुढे उभी राहिले. हात जोडले नाहीत. स्पष्ट सांगितलं, शब्द माझा होता. हिचा नव्हता. हिला सोड, हिच्याऐवजी मी इथे आहे.

काही नाही. पान हललं नाही.

पुन्हा सांगितलं. शाळेत सांगत असे त्या आवाजात.

—साल तडकली. आवाज झाला. ती माझ्या अंगावर पडली. पाय रक्ताळलेले, पण पाय! माणसाचे. म्हटलं ऊठ, पळ, पोर उपाशी आहे. ती हात जोडायला लागली. थोबाडीत मारली तिच्या. म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही. कोणाला निरोप द्यायचा नाही. माझ्याकडेही बघायचं नाही.

गेली. उजेडात गेली. बाहेर ज्योतीरामची हाक ऐकू आली. मग दोघांचं रडणं. मग उतरणारी पावलं.

झालं.

उठायला गेले. उठता येत नाही. चपला फुटल्या आहेत, खालून—

बघणार नाही खाली.

रांगेत जागा मोकळी आहे. तिची होती ती. बाकीच्या माझ्याकडे वळल्या आहेत. सगळ्या. केव्हा वळल्या ते—

ठीक आहे. वळलात तर वळा. घाबरून उभी राहणारी बाई नव्हे मी. एवढी वर्षं तुम्हाला इथे उभं ठेवलं, कोणी जाब विचारला नाही. मी विचारणार. नावं सांगा. एकेकीने. विळेवालीपासून सुरू—

तिने तोंड उघडलं. आत जीभ नाही. जिभेच्या जागी पान आहे, कोवळं, हिरवं—आणि ते हलतंय, काही म्हणायचंय तिला—

माझ्याही दातांमागे काहीतरी उलगड