सूट घालून ये

प्रिय आईस,
हारुहिसाचा नमस्कार.

गुडघा आता ठणकत नाही. तू पाठवलेलं लोणचं रोज भाताबरोबर खातो. यंदाच्या लोणच्यासाठी मुळे वाळत घातलेस का? बाबांची पाठ कशी आहे?

नोव्हेंबर लागला की आमच्या फुटबॉल क्लबात सगळ्यांचं लक्ष फोनकडे असतं. पुढच्या वर्षी ज्याला ठेवायचं, त्याला ऑफिसातून सांगतात, सरावाच्या कपड्यांत ये. ज्याला काढायचं, त्याला सांगतात, सूट घालून ये. बाकी काही बोलत नाहीत.

मंगळवारी आमचा गोलकीपर सेगावा याला सुटाचा निरोप आला. हसत मला म्हणाला, "माझ्या सुटाला इस्त्री तरी आहे. तुझं काय?"

मी म्हटलं, "मला कशाला लागतोय सूट?"

काल मलाही फोन आला. पुढच्या सोमवारी दहाला बोलावलंय. तू काळजी करू नकोस. आणि फोनही करू नकोस, दिवसभर सराव असतो.

थंडीत पहाटे शेतावर जाऊ नका.

तुझा,
हारुहिसा

ता. क. टायची गाठ कशी मारायची, ते बाबांना कागदावर काढून पाठवायला सांग. अठराव्या वर्षी क्लबात सही करायला निघालो, तेव्हा त्यांनीच टाय बांधून दिला होता. कागद सोमवारच्या आत मिळायला हवा.