भीतीच्या पुढे 'ऑफ'

प्रिय अफरीन,

खूप दुआ. रोज फोन होत असताना अम्मीला पत्राचं काय सुचलं, म्हणून हसशील. हस. कारण शेवटी सांगते.

पावसाळ्यापासून मी इंग्रजी शिकतेय. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत अनुपमा मॅडमचा क्लास आहे. सगळी कॉलेजची पोरं, आणि मधे चष्मा लावून मी. भाजी, भाव, पत्ता विचारणं जमलं. मनातलं सांगायची वेळ आली आणि गाडी अडली. 'अफ्रेड'च्या पुढे मी दरवेळी 'फ्रॉम' लावायची. घरात हिंदी-मराठीची खिचडी, हिंदीतल्या 'से डर'चं सरळ 'फ्रॉम' व्हायचं. मॅडम म्हणाल्या, तिथे 'ऑफ' लावा. काळजी असेल तर 'अबाउट', माणसावर राग असेल तर 'विथ'. मी नियम विचारला. म्हणाल्या, नियम फारसा नाही, कुणाचा संसार कुणाशी तेवढं लक्षात ठेवायचं. म्हणून कांदा चिरताना पाठ करत असते.

सातव्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, अम्मी, येऊ नकोस, मी करेन सगळं. आवाज हसरा होता. पण मला तुझा आवाज कळतो गं. पहिलं बाळंतपण माहेरचं. तू नाते गावी माझ्या आईच्या घरीच झालीस. तुला आता विमानाने येता येणार नाही, हेही मला कळतं. मी जाते म्हटल्यावर तुझे अब्बा म्हणाले, "जायला नाय म्हणत नाय मी. पण तिथं पोरीनंच तुला सांभाळायचं काय?" खरं होतं, म्हणून फार लागलं. आंबेनळी घाटात वळणावळणाला ओकणारी मी, इंग्लंडात लेस्टरला एकटी कशी पोचणार?

परवा त्यांना क्लासला घेऊन गेले. मॅडम विमानतळावरच्या साहेब झाल्या. एकटीने प्रवासाची भीती वाटते का, विचारलं. मी म्हटलं, "येस, आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ द प्लेन. बट आय अ‍ॅम मोअर वरीड अबाउट माय डॉटर." अब्बांना किती कळलं अल्ला जाणे. घरी आल्यावर माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसत बसले.

व्हिसाचे कागद अयानने, माझ्या गुणी जावयाने, तुझ्या नकळत कधीच पाठवले होते, व्हिसाही आलाय. आता तिकीटही झालंय. फोनवर सांगितलं असतं तर तू 'नको' म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. म्हणून हे पत्र. ते पोचेपर्यंत मी निघालेली असेन. तुला माहेरी येता येत नाही, तर मी येतेय. डिंकाचे लाडू बांधलेत. मी आल्यावर हसऱ्या आवाजात बोलायची गरज नाही. भीती वाटत असेल तर मराठीतच सांग.

तुझीच,
अम्मी