सेतूच्या मशीनवरची परीक्षा

३ जून, सोमवार

परत बसनं दारासुरम्, सेतूच्या घरी. मुरलीचा फोन सकाळी सातलाच — अप्पा, आज सेतूकाकांकडे जाताय ना? चेन्नईत बसून माझ्या मुलाला माझ्या जाण्यायेण्याची एवढी काळजी कशाला? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

गॅस दोनदा चालू राहिला, कबूल. तेवढ्यावरून म्हणतो, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर इकडेच राहायला या. आठव्या मजल्यावर! मी कुंभकोणम् सोडणार नाही.

सेतू माझा शाळेपासूनचा मित्र. मद्रासला खेळांच्या एका हॉलमध्ये चाळीस वर्षं पिनबॉलची मशीनं दुरुस्त करायचा. हॉल बंद पडला तेव्हा एक मशीन घरी आणलं, ते ओसरीत आहे. काचेखाली उतरती फळी, दिवे, लोखंडी गोळी. मी जन्मात खेळलो नव्हतो. आता शिकतोय. खाली बटण दाबलं की गोळी वर उडवणारे दोन पंख — ते फ्लिपर. गोळी त्यांच्या मधून निसटली की ड्रेन. रागानं मशीन हलवलं की टिल्ट, सगळं ठप्प. माझं आज चारदा टिल्ट!

५ जून, बुधवार

सेतू बोट दाखवून विचारतो — किट्टू, हे काय रे? मी म्हणतो, फ्लिपर. परवा त्यानंच शिकवलं, आज मलाच विचारतो. दोनदा. वर हसतो.

८ जून, शनिवार

कळलं! गॅसच्या प्रकारानंतर मुरलीनं मला दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरीणबाईनं असंच केलं होतं. पेन दाखवून हे काय, घड्याळ दाखवून हे काय. ही परीक्षा आहे. मुरलीनं सेतूला कामाला लावलंय. मी चुकलो की लगेच फोन जाणार — म्हाताऱ्याचं डोकं गेलं, घेऊन जा.

दोस्ताच्या तोंडानं माझं घर सोडवायचं! जेवण गेलं नाही.

चुकेन म्हणतात काय? पोस्टात चौतीस वर्षं काढली, सगळे पिनकोड अजून तोंडपाठ आहेत. आज मशीनच्या जुन्या माहितीपुस्तकातून सगळे शब्द लिहून काढले. फ्लिपरच्या वर रबर लावलेले दोन त्रिकोण, गोळीला लाथ मारतात ते — स्लिंगशॉट. अगदी कडेची वाट, जिथून गोळी हातची जाते — आउटलेन. संध्या करताना मध्येच गोळीला धक्का देणारा गोल बंपर आठवला. पेरुमाळा, क्षमा कर.

९ जून, रविवार

सगळी नावं बरोबर. घ्या!

१२ जून, बुधवार

आज गंमत केली. सेतूनं त्रिकोणावर बोट ठेवलं, मी मुद्दाम म्हणालो — आउटलेन. चेहरा अगदी सरळ ठेवला. मला वाटलं आता पकडणार. तो मान हलवून म्हणाला, बरं. दोनदा पुटपुटला — आउटलेन, आउटलेन. मग कडेची वाट दाखवली. मी म्हटलं, स्लिंगशॉट. तेही बरं!

म्हणजे ह्याला काहीच येत नाही! चाळीस वर्षं मेकॅनिक म्हणे. तिथं फरशी पुसत असेल. आणि हा माझी परीक्षा घेणार? बसमध्ये एकटाच हसत होतो. कंडक्टर बघत होता.

१४ जून, शुक्रवार

आणखी तीन नावं उलटी सांगितली. सेतूची मुलगी श्रीविद्या फिल्टर कापी घेऊन आली, जरा वेळ दारात उभी राहिली. म्हणाली, काका, तुम्ही रोज येता हे फार बरं आहे. हिलाही सामील करून घेतलंय!

१५ जून, शनिवार

उद्या बेंगळुरूहून पिनबॉलवाले तिघं येणार. जुनी मशीनं बघत फिरतात. सेतू सकाळपासून खूश. मुरलीही उद्या येतोय. उत्तम! सगळ्यांसमोर सेतूचं पितळ उघडं पडू दे. परीक्षा घेणाराच नापास झाला, तर मला कोण हलवणार?

१६ जून, रविवार

सेतूनं इस्त्रीचा सदरा घातला होता. पाहुण्यांना एकेक भाग दाखवला. त्रिकोणाला आउटलेन म्हणाला. कडेच्या वाटेला स्लिंगशॉट. बाकीची नावंही, मी दिली तशीच. ती मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी मुरलीकडे बघितलं. तो खाली बघत होता.

श्रीविद्या माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “माझ्या अप्पांचं विसरणं सुरू होऊन दीड वर्ष झालं, काका. आधी नावंच जायला लागली. म्हणून मीच मुरलीला म्हटलं, तुम्हाला रोज पाठव. तुमच्याकडून परत शिकतायत.”

तेवढ्यात पाहुण्यांतली एक पोरगी फार जपून म्हणाली, सर, हे उलटं झालं का?

सेतू जरासुद्धा गडबडला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “किट्टूनं सांगितलंय. तो मला चुकीचं कशाला सांगेल?”