डावीकडे

१६ जानेवारी, डब्लिन, ओहायो

जायचं ठरलं! सेंट जॉन. कॅरिबियनमध्ये असलं तरी बेट अमेरिकेचंच, म्हणून व्हिसाच्या स्टॅम्पची कटकट नाही. देवदत्त म्हणाला, "आता तरी तोंड पाडून बसू नकोस, इला." ते तोंड मागच्या आठवड्यात यानंच सुजवलं होतं! आता सूज उतरली. फोटोत नीट दिसेन.

१९ जानेवारी, सेंट जॉन

इथे गाड्या डावीकडून चालतात! भाड्याच्या जीपमध्ये तसं स्टिकरही होतं, स्टिअरिंगच्या शेजारीच. मला हसू आलं. नागपुरात बाबांच्या मारुतीवर मी अशीच तर शिकले. ओहायोत नवरा गाडीला हात लावू देत नाही – "तुला डावं-उजवं कळत नाही." म्हटलं, इथे मी ड्राइव्ह करू? त्यानं नखानं स्टिकर खरवडून काढलं. झालं उत्तर.

बोटीच्या धक्क्यावरून वर चढताना तो सवयीनं उजवीकडे गेला. समोरून टँकर! मी ओरडले, "डावीकडे!" त्यानं चाक फिरवलं, वाचलो. मग गाडी कडेला घेतली आणि थोबाडीत मारली. परत मारली. डोकं काचेवर आपटलं. "पुन्हा गाडीत तोंड उघडलंस ना, दात घशात घालीन!"

डावा कान अजून वाजतोय.

आम्ही उतरलोय त्या घराच्या मालकीण मिस अल्मा पायरीवर बसल्या होत्या. इथे संध्याकाळी भेटलं की "गुड नाइट" म्हणतात, आपल्या नमस्कारासारखं. देवदत्तला वाटलं, बाई हाकलतेय. त्यांच्यावरही डाफरला. त्या माझ्या कानाकडे बघत राहिल्या. मी केस पुढे ओढले.

२० जानेवारी, सकाळ

बेटावरची पहिली रात्र पार पडली. उशीवर रक्ताचा डाग. मिस अल्मांनी काही न विचारता अभ्रा बदलला. जाताना हळूच म्हणाल्या, "इथे कुणालाच कसली घाई नसते, हनी. पण तू घाई कर."

कुठे जाऊ? पासपोर्ट त्याच्या बॅगेत. फोनही.

२१ जानेवारी, हॉस्पिटल

काल बीचवर निघालो होतो. वळणावर तो पुन्हा उजवीकडे. ट्रक मला त्याच्या आधी दिसला. शब्द अगदी जिभेवर आला होता – गिळला. मरू दे दोघांना, असं वाटलं. खरंच वाटलं!

काच. पत्रा. त्याची किंकाळी. ट्रकवाल्याला साधं खरचटलंही नाही, देवाची कृपा. माझ्या कपाळाला टाके पडलेत. देवदत्तचा जबडा फुटला, बरगड्या मोडल्या. बोटीतून शेजारच्या सेंट थॉमस बेटावर आणलं तेव्हा रक्तानं माझी ओढणी भिजली, तरी मी ती त्याच्या तोंडाशी धरून होते. का धरली, मला माहीत नाही.

सगळे धीर देतात – टुरिस्ट लोक विसरतात, होतं असं. मला रडू येत नाही. राग येतो, इतका की पेनानं पान फाटतंय!

२२ जानेवारी

देवदत्त शुद्धीवर आला. जबडा तारेनं बांधलाय, तोंड उघडता येत नाही. डोळ्यांनीच विचारत होता – ओरडली का नाहीस?

पोलीस बाई आल्या. खुर्ची ओढून म्हणाल्या, काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

म्हटलं, डावीकडून सुरू करते. आणि केस बाजूला करून कान दाखवला.