ऑपरेशन कमलचं, शवासन माझं

सावदा,
१२ फेब्रुवारी १९८९

तीर्थस्वरूप ताईअक्काच्या पायांवर धाकट्या जीवरामचं डोकं. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दोंडाईच्याची थंडी, तिघांनीही एकमेकांशी जमवून घेतलं असेल अशी आशा करतो. इकडे सगळे सुखरूप आहेत. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण मागच्या खेपेला हे वाक्य शेवटी लिहिलं, तर तू तिथवर पोचण्याआधीच रडायला बसलीस (दाजींनी सांगितलं).

तर अक्का, कमलच्या, तुझ्या लाडक्या भावजयीच्या, पित्ताच्या पिशवीत खडे निघाले होते. जळगावला ऑपरेशन झालं, खडे निघाले, कमल घरी आली. तुझ्याकडे नातीचं बारसं होतं म्हणून तुला कळवायचं नाही असं तिनंच मला बजावलं होतं, तेव्हा रागवायचं असेल तर तिच्यावर रागव. (रागावणार नाहीस, मला माहीत आहे. ते सगळं माझ्याच वाट्याला येणार.)

झालं असं की, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कमलचा रक्तदाब तपासला. एकदम उत्तम. मी शेजारी उभा राहून तिच्याच पदरानं घाम पुसत होतो. डॉक्टरांनी तो पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला, फुगवला, पुन्हा फुगवला आणि विचारलं, “ऑपरेशन नक्की कोणाचं आहे?” मला गोळी दिलीच, वर सांगितलं की जळगावात पितांबर सर म्हणून एक निवृत्त चित्रकलेचे मास्तर आहेत, ते मन शांत करायचं शिकवतात, ऑपरेशनच्या तारखेपर्यंत त्यांच्याकडे जात जा. म्हणजे दुखणं कमलला आणि शिकवणी मला.

सर माणूस देवासारखा. आवाज तर असा मऊ की त्यांनी शिवी दिली तरी आशीर्वाद वाटावा. सतरंजीवर सगळ्यांना उताणं झोपवायचे आणि सांगायचे, पायाची बोटं ढिली सोडा, आता पोटऱ्या ढिल्या सोडा, आता गुडघे. मी गुडघ्यापर्यंत पोचलो की बोटं परत ताठ. केळीला पाणी देताना एका वाफ्याचं दारं धरावं आणि मागच्या वाफ्याचा बांध फुटावा, तसं माझ्या अंगाचं झालं होतं. मग सर म्हणाले, डोळे मिटून मनानं एखाद्या शांत जागी जा. मी आपल्या बागेत गेलो. तिथे एका घडाला टेकू नव्हता, वारा सुटलेला, आणि मी पुरता घामाघूम. सरांनी समजावलं की जिथे तुमच्या मालकीचं काहीच नाही अशी जागा धरा. मी मनुदेवीचा धबधबा धरला. छान गार वाटलं, पण लगेच काळजी लागली की मी इथे, मग कमल कुठे? सर हसून म्हणाले, “त्यांनाही घेऊन जा की.” नेली. तर तिथे पोचल्या पोचल्या तिनं विचारलं, गोठ्याची कडी लावली का? आणि मी त्या भरल्या शांत वर्गात मोठ्यानं ओरडलो, “लावली गं!” सगळ्यांनी डोळे उघडले. एका बाईंनी तर उठून दाराची कडी पाहिली.

घरी सराव करताना कमलच माझ्या उशाशी बसायची. ऑपरेशन तिचं, पण “हात ढिले सोडा, कपायावरच्या आठ्या ढिल्या सोडा” हे तीच म्हणायची. एके दिवशी तिनं विचारलं, “एवढे काहाले घाबरता?” अक्का, मी नुसता तिचा हात धरून पडून राहिलो. मग ती म्हणाली, “भूल उतरली का मले पह्यलं तुमचं तोंड दिसलं पायजे. एवढंच करा.” मी शब्द दिला.

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर पहूरचे उखर्डू आबा बसले होते. त्यांच्या मुलाचा पाय मोडलेला, तोही आतच, दुसऱ्या खोलीत. आबा माझ्याहून जास्त थरथरत होते. कोणाला तरी आपल्याहून जास्त भ्यायलेलं पाहिलं की माणसाला हुशारी येते, तशी मला आली. मी त्यांना शिकवायला बसलो. आबा, डोळे मिटा. आबा, बोटं ढिली सोडा. आबा म्हणाले, “बाप्पा, चप्पल काढू का ठिऊ?” मी म्हटलं, काढा. मग अगदी सरांच्या आवाजात मी त्यांना पोटऱ्या, गुडघे, खांदे असं वर वर नेत गेलो. मानेपर्यंत आलेलं मला आठवतं.

त्यानंतरचं नर्सबाईंनी सांगितलं. “कमलबाईंचे कोण?” म्हणून त्या दोनदा ओरडून गेल्या. बाकावर आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होतो. कमलचं स्ट्रेचर आमच्या पुढ्यातूनच गेलं. ती गुंगीत होती, पण डोळे उघडले होते. नर्सबाई मला हलवायला पुढे झाल्या, तर कमल म्हणाली, “झोपू द्या त्याइले. लय दिवस डोयाले डोया लागला नही.”

जागा झालो तो धावतच तिच्या खाटेपाशी गेलो. शब्द मोडला म्हणून माझे डोळे भरून आलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाली, “दिसलं तोंड. उघडं होतं.” टाके ओढतील म्हणून तिला हसता येईना, आणि ती हसू दाबतेय हे पाहून मला रडू आवरेना. (आबांचा मुलगाही बरा आहे. आबा आता पहूरला बायकोला शवासन शिकवतात असं ऐकतो.)

दाजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझा,
जीवराम

ता. क. : खरं सांगायचं तर एवढं लांबण यासाठी लावलं की तू यावंस. डॉक्टरांनी कमलला वजन उचलू नको, वाकू नको असं सांगितलंय. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. शिवाय चूल आणि बाग दोन्ही मला झेपत नाहीत. मिळेल त्या गाडीनं निघ.

ता. क. दुसरा : अक्का, कमलचा नमस्कार. हे पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. मी सगळं ऐकते त्यांचं, खाटेवरून हलत नाही. काल यांनी जन्मात पहिल्यांदा खिचडी केली. मीठ टाकायचं राहिलं. मी गुपचूप खाल्ली आणि आणखी मागितली. आज माझी वेणी घातली, केळीच्या घडाला दोर आवळतात तशी. तुम्ही या, जरूर या, पण पुढच्या महिन्यात. तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवला की हे त्याच घडीला बागेत पळतील, मग माझी वेणी कोण घालील?